बाळ येणार आहे, मग मांजर घालवायचं का?

वाचकाचं पत्र

डॉक्टरताई, तुम्ही प्राण्यांच्या डॉक्टर आहात म्हणून विचारते. मी मनीषनगरात राहते. मला चौथा महिना सुरू आहे, मोठी मुलगी साडेतीन वर्षांची आहे. घरात सोनी नावाची मांजर आहे. दोन वर्षांपूर्वी गल्लीतून उचलून आणली, दिवसा घरात असते आणि रात्री गच्चीवर. यांना प्राण्यांचा भारी नाद. गेल्या वर्षी लाल कानपट्टीची दोन छोटी कासवं आणली. मुलगी त्यांना हातात घेते, गालाला लावते. त्यांचा टब मी सिंकमध्ये धुते. दोन महिन्यांपूर्वी पिवळा-केशरी कन्युअर, म्हणजे छोटा परदेशी पोपट, आणला. त्याला गर्मी होते म्हणून पिंजरा सासूबाईंच्या खोलीत कुलरसमोर ठेवला आहे. सासूबाईंना संधिवात आहे, आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी सुरू आहे. त्या म्हणतात, मांजरामुळे पोट पडतं, ती आधी घालव, कासवं मात्र शुभ आहेत, राहू दे. हे म्हणतात, काही होत नाही, सारं जग प्राणी पाळून राहिलं. वाचून वाचून माझं डोकं फिरून राहिलं आहे. सोनीला सोडून येऊ का? मागच्या रविवारी तिने मुलीला ओरखडलं, थोडं रक्त आलं. सासूबाईंनी हळद लावली, आता बरं आहे.
— एक सून, मनीषनगर, नागपूर

उत्तर

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही शेवटच्या दोन ओळींत, जाता जाता लिहिली आहे. पत्र हाती आलं त्याच दिवशी संपादकांकडून तुमचा नंबर घेऊन मी फोन केला, तो त्या ओळींसाठी. मुलीला लगेच मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयात घेऊन जा, असं तेव्हाच सांगितलं. इथे पुन्हा लिहिते आहे, कारण हळद लावून गप्प बसणारी घरं या शहरात पुष्कळ आहेत.

रात्री गच्चीवर हिंडणारी, लस न घेतलेली मांजर आणि रक्त आलेला ओरखडा, एवढं रेबीजच्या लशीसाठी पुरेसं कारण आहे. मांजर पंजे चाटते, त्यामुळे लाळ नखांवर असते. रेबीज फक्त कुत्र्याच्या चाव्यानेच होतो हा समज जिवावर बेतणारा आहे. असं काही झालं की पहिल्यांदा जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची, घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट, तेल काही लावायचं नाही. मग त्याच दिवशी दवाखाना. सरकारी रुग्णालयांत कातडीत देतात ती लस पहिल्या दिवशी आणि त्यानंतर तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी असते. दंडात देतात त्या लशीला चौदाव्या दिवसाचा आणखी एक डोस असतो. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरुद्धची तयार प्रतिद्रव्यं) द्यावं लागतं, ते डॉक्टरांना आपण होऊन विचारा. आठवडा उलटला म्हणून आता जाऊन काय उपयोग, असं कुणी म्हटलं तर ऐकू नका, उशिरा गेलं तरी लस द्यायचीच असते. कुत्रा किंवा मांजर चावल्यापासून किंवा ओरखडल्यापासून दहा दिवस ठणठणीत राहिली तर पुढच्या डोसांचं काय करायचं हे डॉक्टर ठरवतील. पण लस सुरू न करता नुसतं दहा दिवस मांजराकडे बघत बसायचं नाही. या आजाराची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही. लशीसाठी एवढी घाई करायची ती म्हणूनच.

आता तुमचा प्रश्न. सोनीला सोडून येऊ नका. तुमच्या घरात आज तीन प्रकारचे प्राणी आहेत आणि घरातल्यांनी भीतीचा क्रम नेमका उलटा लावला आहे. जिला घालवायचं म्हणतात त्या मांजरीला सांभाळून घरात ठेवता येतं. जी शुभ म्हणून ठेवायची म्हणतात ती कासवं मात्र लहान मूल आणि येणारं बाळ असलेल्या घरात नकोत. आणि पक्ष्याबद्दल तर कुणी काही बोललेलंच नाही, तो नेमका घरातल्या सगळ्यात नाजूक माणसाच्या उशाशी, वाऱ्याच्या झोतात ठेवलेला आहे.

सासूबाईंच्या म्हणण्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. मांजरामुळे गर्भाला धोका होऊ शकतो. त्या आजाराचं नाव टोक्सोप्लाझ्मोसिस. त्याचा जंतू मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडतो आणि गरोदरपणात बाईला पहिल्यांदाच लागण झाली तर बाळाच्या मेंदूला, डोळ्यांना इजा होऊ शकते, गर्भपातही होऊ शकतो. पण पुढचं कुणी सांगत नाही. उंदीर, पक्षी किंवा कच्चं मांस खाऊन मांजराला लागण झाली की ती साधारणपणे आयुष्यात एकदाच, एक ते तीन आठवडे हे जंतू विष्ठेतून टाकते. ताज्या विष्ठेतले जंतू लगेच बाधत नाहीत, त्यांना तयार व्हायला किमान एक दिवस आणि कधी पाच दिवसही लागतात. म्हणजे सोनीचा शौचाचा, माती भरलेला ट्रे रोजच्या रोज साफ झाला तर धोक्याचा मोठा भाग तिथेच संपतो. ते काम बाळंतपणापर्यंत तुमच्या यजमानांचं. प्राणी त्यांनी आणले आहेत, त्यामुळे त्यात भीड बाळगायचं कारण नाही. मांजराला कुरवाळल्याने, ती मांडीवर बसल्याने हा आजार सहसा होत नाही.

या जंतूची लागण पुष्कळांना होते ती स्वयंपाकघरातून आणि मातीतून. सावजी रस्सा चांगला रटरट शिजतो, त्याला घाबरू नका. आतून लालसर राहिलेले कबाब मात्र या दिवसांत नकोत. कच्चं मटण चिरलेल्या पाटावर आणि सुरीने तसंच सांभार (कोथिंबीर) चिरणं नको. सांभार, पालक, मुळा, काकडी वाहत्या पाण्यात नीट धुऊनच घ्या. तुळशीच्या कुंडीत हात घालायचा असेल तर हातमोजे घाला, कारण गच्चीवरच्या कुंड्या ही गल्लीतल्या सगळ्या मांजरांची आवडती जागा असते.

तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी टॉर्च नावाची रक्ततपासणी केली असेल किंवा करतील. या आजारासाठी तिच्यात आयजीजी आणि आयजीएम ही रक्तातली दोन प्रतिद्रव्यं बघतात. तिच्या रिपोर्टवरून घराघरांत रडारड होते, म्हणून थोडं सांगते. आयजीजी पॉझिटिव्ह आणि आयजीएम निगेटिव्ह आलं तर बहुतेक वेळा लागण जुनी असते, आणि गरोदरपणाआधीची जुनी लागण असेल तर बाळाची काळजी उलट कमी होते. आयजीएम पॉझिटिव्ह आलं म्हणजे लागण आत्ताचीच असंही नाही, ते कित्येक महिने तसंच राहू शकतं. पुन्हा तपासणी करून खात्री करावी लागते. रिपोर्ट हातात घेऊन शेजारणीशी चर्चा करू नका, डॉक्टरांकडेच जा.

सोनीसाठी उद्याचं काम एवढंच. तिला सेमिनरी हिल्सवरच्या नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात किंवा तुमच्या जवळच्या पशुवैद्याकडे न्या. रेबीजची लस, जंताचं औषध आणि पिसवांचं औषध मागा. पिसवांचं औषध मांजरासाठी आहे ना, हे दोनदा विचारून घ्या. कुत्र्यांसाठीच्या काही औषधांत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं आणि ते मांजराला विषासारखं भोवतं. कुत्र्याची उरलेली बाटली मांजरावर वापरून तडफडणारी मांजरं मी दवाखान्यात पाहिली आहेत. पिसवा घालवणं माणसांसाठीही महत्त्वाचं, कारण मांजराच्या नखांतून येणारा बार्टोनेला हा जंतू पिसवांमुळेच मांजरांमध्ये पसरतो. ओरखड्यानंतर काही दिवसांनी तिथे फोड आणि काखेत किंवा मानेला गाठ आली, बारीक ताप राहिला, तर तो आजार असू शकतो. बहुधा आपोआप बरा होतो, पण मुलीच्या डॉक्टरांना ओरखड्याची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर त्या गाठीवरून भलत्याच तपासण्या सुरू होतात.

सोनीला जंताचं औषध द्यायचं ते मुलीच्या भल्यासाठी. तुमच्याकडे बांधकामं सुरू असतात आणि पोरं रेतीच्या ढिगावर खेळतात. तोच ढीग रात्री मांजरं-कुत्री वापरतात. त्यांच्या पोटातल्या जंतांची अंडी रेतीतून पोरांच्या नखांत आणि नखांतून पोटात जातात, अळ्या यकृतापर्यंत, क्वचित डोळ्यापर्यंत पोचतात. म्हणून मुलीची नखं कापलेली हवीत आणि खेळून आल्यावर हात साबणाने धुतलेले हवेत. घरात कुणाच्या अंगावर गोल, खाजरा, कडेला लाल चट्टा उठला तर तो मांजराकडून आलेला गजकर्ण असू शकतो. मेडिकल स्टोअरमधून स्टिरॉइड मिसळलेली ट्यूब आणून लावू नका. चट्टा दोन दिवस फिका पडतो आणि मग दुप्पट पसरतो.

सोनीला कच्च्या चिकनचे तुकडे घालत असाल तर आजपासून बंद करा. नागपूरकरांना हे समजावून सांगायला लांब जायला नको. डिसेंबर २०२४च्या शेवटी आपल्या गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले आणि भोपाळच्या प्रयोगशाळेने कारण बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू असल्याचं सांगितलं. वाघ काय, घरची मांजर काय, कुळ एकच. तिला शिजवलेलं द्या. रात्री तिला घरातच ठेवता आलं तर उंदीर आणि कबुतरं खाणंही थांबेल आणि बाहेरच्या मांजरांशी मारामाऱ्याही.

आता कासवं. लाल कानपट्टीचं हे कासव मूळ अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. विकत घेताना रुपयाच्या नाण्याहून थोडं मोठं दिसतं, पण ते ताटाएवढं होतं आणि कित्येक दशकं जगतं, हे विकणारा सांगत नाही. अशा कासवांच्या आतड्यात साल्मोनेला जंतू असू शकतो आणि कासव मात्र अगदी निरोगी दिसतं. तो विष्ठेतून पाण्यात येतो, पाण्यातून कवचावर, कवचावरून मुलीच्या गालावर आणि बोटांवर, आणि बोटं तोंडात. अमेरिकेत छोट्या कासवांमुळे इतकी मुलं आजारी पडत होती की १९७५ मध्ये तिथे चार इंचांहून लहान कवचाची कासवं विकायलाच बंदी आली. मोठ्या माणसाला जुलाब आणि ताप येऊन बरं वाटतं. पाच वर्षांखालच्या मुलाला, गर्भवतीला, म्हाताऱ्या माणसाला हाच जंतू रक्तात उतरून गाठू शकतो, तान्ह्या बाळाला तर मेंदूज्वरही होऊ शकतो. पाणी स्वच्छ ठेवलं, कासवाला औषध दिलं, एकदा तपासणी निगेटिव्ह आली, तरी जंतू गेला असं म्हणता येत नाही. तो कधी बाहेर पडतो, कधी पडत नाही.

आणि तो टब तुम्ही स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुता. ते आजच थांबवा. त्याच सिंकमध्ये तुमची भाजी आणि मुलीचा दुधाचा ग्लास धुतला जातो. सिंक, ओटा, नळाची मूठ साबणाने घासून मग ब्लिचिंगच्या पाण्याने पुसा. कासवांची नवी सोय होईपर्यंत टब घराबाहेरच्या नळाशी यजमानांनी धुवावा, पाणी संडासात ओतावं आणि मुलीला कासवांना हात लावू देऊ नये.

माझं मत स्पष्ट आहे. बाळ यायच्या आधी कासवं या घरातून जायला हवीत. पण फुटाळा किंवा अंबाझरी तलावात नेऊन सोडायची नाहीत, देवळाच्या विहिरीतही नाही. ही परदेशी कासवं आपल्या तळ्यातल्या देशी कासवांचं अन्न आणि जागा बळकावतात, एकदा वाढली की काढता येत नाहीत. ज्या घरात लहान मूल नाही, गर्भवती नाही, म्हातारं माणूस नाही आणि मोठी टाकी ठेवायला जागा आहे, असं प्राण्यांची जाण असलेलं घर यजमानांनी शोधावं. पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा वनविभागाच्या सेमिनरी हिल्सवरच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरमध्येही सल्ला विचारता येईल. सासूबाईंची श्रद्धा मोडायची गरज नाही. शिवाच्या देवळात गाभाऱ्यासमोर कासव असतं ते दगडाचं किंवा धातूचं. तसंच एक पितळेचं कासव देवघरात ठेवा. जिवंत कासवाला टबात कोंडण्याने त्या श्रद्धेत काही भर पडत नाही, हे त्यांना प्रेमाने सांगितलं तर त्या ऐकतील असं मला वाटतं.

कन्युअरच्या पिंजऱ्याची मला जास्त काळजी वाटते, कारण हा धोका श्वासातून येतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. पोपटवर्गीय पक्ष्यांत सिटाकोसिस नावाचा आजार असतो. विष्ठा वाळते, तिची पूड पिसांच्या भुकटीत मिसळते आणि ती हुंगली की माणसाला लागण होते. १९२९-३०च्या सुमारास दक्षिण अमेरिकेतून जहाजांनी गेलेल्या पोपटांमुळे हा आजार युरोप-अमेरिकेत पसरला आणि पुष्कळ लोक दगावले. तेव्हा त्यावर नेमकं औषध नव्हतं. आज आहे, पण ते देण्याआधी डॉक्टरांना आजार सुचायला हवा. तुमच्याकडे उन्हाळाभर कुलर सुरू, समोर पिंजरा आणि त्या झोतात सासूबाईंचा पलंग. पिंजऱ्यातली भुकटी वारा त्यांच्या श्वासात भरतो आहे. संधिवातासाठी आठवड्यातून एकदा घेतात ती गोळी बहुधा मेथोट्रेक्सेट असणार आणि ती शरीराची प्रतिकारशक्ती कमी करते. गोळी बंद करायची नाही, पिंजरा हलवायचा.

पिंजरा हवेशीर पण झोत नसलेल्या जागी, झोपायच्या खोल्यांपासून आणि स्वयंपाकघरापासून दूर ठेवा. तळाशी वर्तमानपत्र घाला आणि ते रोज बदला. बदलण्याआधी त्यावर पाणी शिंपडून ओलं करा म्हणजे भुकटी उडणार नाही. कोरडा झाडू पिंजऱ्याभोवती फिरवायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. हे कामही यजमानांचं, तोंडाला चांगला मास्क लावून. तुम्ही आणि सासूबाईंनी पिंजरा साफ करायचा नाही. पक्षी फुगून बसला, डोळे मिटून राहिला, नाकातून पाणी आलं, हगवण हिरवट झाली तर लगेच पशुवैद्याकडे न्या. पण तो वरून छान दिसत असतानाही जंतू टाकू शकतो, विशेषतः प्रवास, जागाबदल, गर्दीचं दुकान अशा ताणानंतर. तुमचा पक्षी दोन महिन्यांपूर्वीच आलेला आहे. म्हणून एकदा तपासणी करूनच घ्या.

माणसात हा आजार बहुधा पाच ते चौदा दिवसांत दिसतो. एकदम ताप, डोकं फुटल्यासारखं दुखणं, अंगदुखी, कोरडा खोकला आणि पुढे न्यूमोनिया. आपल्याकडे असा ताप आला की टायफॉइड, डेंग्यू, व्हायरल एवढंच डोक्यात येतं. नेहमीच्या अमोक्सिसिलिनने याला उतार पडत नाही, डॉक्सिसायक्लिन लागतं आणि गर्भवतीसाठी वेगळं औषध निवडावं लागतं. गरोदरपणात हा आजार जड जाऊ शकतो. म्हणून घरात कुणालाही ताप-खोकला आला तर डॉक्टरांसमोर बसल्यावर पहिल्या दोन वाक्यांत सांगायचं: घरात पक्षी आहे, मांजर आहे, कासवं होती. डॉक्टर विचारतीलच असं नाही. आम्ही पशुवैद्य आणि तुमचे डॉक्टर एकमेकांशी फार कमी बोलतो. माणूस आणि प्राणी यांच्या आजारांचा एकत्र अभ्यास करणाऱ्या ‘वन हेल्थ’ संस्थेची पायाभरणी आपल्या नागपुरात डिसेंबर २०२२ मध्ये झाली याचा मला फार आनंद आहे, पण तुमच्या घरापुरता हा दुवा आज तुम्हालाच जोडावा लागेल. तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना आणि सासूबाईंच्या संधिवाताच्या डॉक्टरांना पुढच्याच भेटीत घरातल्या प्राण्यांची यादी द्या.

यजमानांना माझा निरोप द्या. सारं जग प्राणी पाळतं हे खरं आहे, आणि मीही आयुष्यभर प्राण्यांतच आहे. त्यांनी नाद सोडावा असं मी म्हणत नाही. ट्रे, टब, पिंजरा, लशीच्या तारखा हे सगळं काम त्यांनी अंगावर घ्यावं आणि बाळ सहा-आठ महिन्यांचं होईपर्यंत नवा प्राणी आणू नये. विशेषतः हॅम्स्टर किंवा पांढरे उंदीर आणायचा विचार असेल तर आत्ता अजिबात नको. त्यांच्यापासून येणारा एक विषाणू गर्भाला फार घातक ठरतो.

कन्युअरची कागदपत्रंही त्यांनी बघावीत. आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधन असलेल्या परदेशी प्रजाती पाळणाऱ्यांना २०२४च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते आणि सन कन्युअर (तुमचा पिवळा-केशरी पक्षी बहुधा तोच) त्या यादीत येतो. विकणाऱ्याने पावती दिली नसेल तर ती आता मागून घ्या आणि नोंदणीचं वनविभागात विचारा.